सागराची मर्यादा

गेल्या चातुर्मासात मोरगावी कीर्तनसेवेचा योग आला. संतांच्या धीरगंभीर वृत्तीचे निरूपण चालले होते. तेथे आम्ही गेली चाळीस वर्षे देत आलो तोच दृष्टांत दिला. नद्या कितीही पाणी आणोत, समुद्र फुगत नाही. उन्हाळा कितीही तापो, तो आटत नाही. आपली मर्यादा तो कधी सोडीत नाही. तसेच संतांचे चित्त. श्रोत्यांनी माना डोलावल्या. आरती झाल्यावर लोक बुक्का लावून घेण्यास पुढे आले, त्यांत शाळेत जाणारा एक मुलगा होता. पाया पडून तो म्हणाला, "बुवा, समुद्र मर्यादा सोडत नाही म्हणालात. पण आमच्या पुस्तकात तर समुद्राची पातळी वाढत चाललीय असं लिहिलंय. मग खरं काय धरायचं?"

त्याचे आजोबा त्यास दटावू लागले. आम्ही त्यांस थांबविले आणि "बाळा, उद्या सांगतो" असे म्हणून वेळ मारून नेली. उत्तर आमच्यापाशी नव्हते, हेच खरे.

पाठशाळेत गुरुजींनी न्यायशास्त्र शिकविताना सांगितलेले त्या रात्री आठवले. ज्या गोष्टीविषयी सामान्य लोक आणि परीक्षा करून पाहणारे जाणते, या दोघांची बुद्धी सारखी असते, तिलाच दृष्टांत म्हणावे. दोघांपैकी एकाने जरी "हे असे नाही" म्हटले, तरी तो दृष्टांत लंगडा पडला. मग परीक्षक काय म्हणतात, ते पाहणे आले. जाणत्यांना विचारून आणि वाचून जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

१९०१ पासून २०१८ पर्यंत जगातील समुद्राची पातळी सरासरीने सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर वाढली. अलीकडे ती दरसाल साडेतीन मिलिमीटरांहून अधिक, म्हणजे जोंधळ्याच्या एका दाण्याएवढी वाढत आहे. दाणा लहान खरा. पण दरसाल एक दाणा, आणि तोही साऱ्या पृथ्वीच्या समुद्रावर! कारणे मुख्यतः दोन. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत जो धूर सोडतो, त्याने पृथ्वी तापते; त्या वाढलेल्या उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्र आपल्या पोटात घेतो, आणि तापलेले पाणी फुगते. दुसरे कारण, जमिनीवरचे बर्फ वितळून त्यात येऊन मिळते. शिवाय आपण सोडलेल्या कर्बवायूचा सुमारे चौथा हिस्साही समुद्रच शोषून घेतो. त्यामुळे त्याच्या पाण्याची आम्लता यंत्रयुगाच्या आरंभापासून सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. पाणी आंबट झाले असे नव्हे, त्याचा क्षारधर्म उणावला. पण तेवढ्यानेही शंख-शिंपल्यांच्या जीवांस आपले कवच बांधणे जड जाते. देवघरात आपण ज्या शंखाची पूजा करतो, त्याच्या घरावरच हे संकट आहे.

समुद्रमंथनात हलाहल निघाले तेव्हा ते महादेवांनी प्राशन केले, अशी कथा आपण सांगतो. आज हलाहल आम्ही ओततो आणि ते समुद्रालाच पचवावे लागते.

कोणी म्हणेल, "बुवा, हे मुंबईकरांना सांगा. मोरगावला कुठला आलाय समुद्र?" त्याचे उत्तर गावाच्या काठानेच वाहते आहे. कऱ्हामाई पुरंदराकडून येते, जेजुरीजवळ नाझऱ्याच्या धरणात थांबते, मोरगावावरून बारामतीस जाते आणि पुढे सोनगावापाशी नीरेस मिळते. तीच नीरा इंदापूर तालुक्यात सराटीस येते, जेथे तुकोबारायांच्या पादुकांना स्नान घडते. नरसिंहपुरास ती भीमेस मिळते. भीमा पंढरपुरास जाऊन चंद्रभागा होते, आपण तिच्यात बुडी मारतो. पुढे ती कृष्णेस मिळते आणि कृष्णा आंध्रात पूर्वसमुद्रास. कोकणचा समुद्र मोरगावास जवळ. पण कऱ्हेचे पाणी त्याकडे पाठ फिरवून, पांडुरंगाचे पाय धुऊन, शेकडो कोस दूरच्या समुद्राकडे जाते. म्हणजे कऱ्हेत टाकलेले आधी चंद्रभागेकडे निघते आणि मगच सागराकडे.

आता आमचे स्वतःचे सांगणे भाग आहे. आमच्या घरचे निर्माल्य वर्षानुवर्षे पुलावरून कऱ्हेत जात असे. पूर्वी ते परडीतून जाई. पुढे प्लॅस्टिकची पिशवी आली, तशी पिशवीला गाठ मारून हात जोडून ती खाली सोडू लागलो. निर्माल्य पायदळी येऊ नये, हा भाव. कऱ्हा वर्षातले बरेच महिने कोरडी. पिशव्या वाळूत पडून राहत, एखाद्या जोराच्या पुरात पात्र स्वच्छ होई, आणि आम्ही म्हणत असू, "पाहा, माईने सारे पोटात घेतले." काही पिशव्या बंधाऱ्यांत अडकल्या असतील, काही पुढे गेल्या असतील. प्लॅस्टिक कुजत नाही, झिजून त्याचा भुगा होतो. २०१८ साली मुंबईच्या आय. आय. टी.तील संशोधकांना समुद्राच्या मिठात प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सापडले. ज्या मिठावाचून नैवेद्याचे वरण होत नाही, त्याच मिठात.

शेताचेही तेच. बारामती-इंदापूरच्या उसाला जे खत आपण घालतो, त्यातले पिकाने न घेतलेले पाण्याबरोबर ओढ्यात आणि नदीत जाते. खत विरघळलेले असल्याने बंधारा त्याला अडवू शकत नाही. नदीमुखाशी त्याने शेवाळ माजते, ते मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते, आणि मासे गुदमरतात. गोव्यास दोनापावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या अखेरीस तळचे पाणी प्राणवायूवाचून राहते, हे तेथील शास्त्रज्ञांनी अभ्यासिले. ही क्रिया मुळात निसर्गाची. पण खतांच्या भराने ती तीव्र होत असावी, असे त्यांनी २००० साली मांडले. दुसरीकडे धरणांमुळे कृष्णेचे पाणी आणि गाळ समुद्रास पूर्वीइतका पोचत नाही, आणि तिच्या मुखाकडचा किनारा झिजतो आहे. सागराचे अर्घ्य आपण अडविले आणि उष्टे तेवढे पाठविले.

येथे पूर्वपक्ष असा की, समुद्र एवढा थोर, त्यात आमच्या एका पिशवीचे काय? आणि धुराचा मोठा भाग तर कारखान्यांचा आणि श्रीमंत देशांचा. दुसरे म्हणणे खरे आहे; ज्याने अधिक केले त्याचा दोष अधिक, आणि कोरडवाहू शेतकऱ्याला त्याच मापाने मोजणे अन्याय होईल. पण थोडा दोष म्हणजे शून्य नव्हे. पहिल्या म्हणण्याचे उत्तर वारकऱ्याने वारीला विचारावे. लाखोंच्या दिंडीत एकाचे पाऊल ते काय? तरी "माझी वारी झाली" असे प्रत्येक जण म्हणतो, आणि ते खरेच असते. प्रत्येकाचे पाऊल वजा केले तर वारी उरत नाही. मग पुण्याच्या वेळी थेंब मोजायचा आणि पापाच्या वेळी समुद्र दाखवायचा, हा कुठला न्याय?

दुसरा पूर्वपक्ष भावाचा. आमचा भाव शुद्ध होता, मग दोष कसा? अजाणता केले तोवर ही सबब चालेल. कळल्यावरही तेच केले तर तो भाव राहत नाही, आळस होतो; आणि आळसाला भक्तीचे वस्त्र नेसविणे हे अधिक वाईट.

दुसऱ्या दिवशी त्या मुलास जवळ बसवून आम्ही म्हणालो, "बाळा, तुझं पुस्तक खरं आहे. आम्ही चुकीचा दृष्टांत दिला."

तो गोंधळला. "मग संत समुद्रासारखे नसतात का?"

"असतात. दोघंही सगळ्यांचं सोसतात. पण कुणी सोसतं म्हणून त्याच्यावर वाटेल ते टाकावं का?"

त्याने मान हलविली.

आता आम्ही दृष्टांत देतो तो असा: समुद्राने मर्यादा सोडली नाही, ती आम्ही मोडली, त्याच्या क्षमेला आम्ही मोकळीक समजलो. घरचे निर्माल्य आता परसात खड्ड्यात जाते आणि त्याचे खत तुळशीला होते. एवढ्याने समुद्र निवळणार नाही, हे आम्हांस कळते. पण पुढच्या आषाढीस चंद्रभागेत उभे राहताना, वरून येणाऱ्या त्या पाण्यात आमच्या हातची पिशवी नसेल.