तिस्ताकाठच्या तळांसाठी

पांडुरंगा, तू स्वतः नदीकाठी उभा आहेस. भीमा चढली की वाळवंटातलं पुंडलिकाचं देऊळ पाण्यात जातं, हे तू वर्षानुवर्षं पाहतोस. म्हणून दूरच्या तिस्तेचं गाऱ्हाणं तुझ्याच पायाशी घालतो.

उत्तर सिक्कीमच्या बर्फात साउथ ल्होनाक नावाचा तलाव आहे. वरची हिमनदी वितळत गेली, तसा तो वाढत गेला. तो फुटेल असं जाणकार कितीतरी वर्षं सांगत होते. ऑक्टोबर २०२३ च्या तीन-चार तारखांमधल्या रात्री काठचा गोठलेला दगडमातीचा कडा त्यात कोसळला, आणि तलाव फुटला. तिस्तेवरचं चुंगथांगचं साठ मीटर उंचीचं धरण त्या लोंढ्याने वाहून गेलं. खाली सिंगतामजवळ बारदांगला लष्कराच्या तळावर गाड्या उभ्या होत्या. एक्केचाळीस गाड्या गाळात गेल्या, तेवीस जवान बेपत्ता झाले. एकच जिवंत सापडला.

देवा, ज्यांचे देहसुद्धा घरी आले नाहीत, त्यांच्या आईवडिलांना तू सांभाळ. वाहून गेलेला दारूगोळा खाली जलपायगुडीपर्यंत पोचला आणि नदीत सापडलेला गोळा फुटून तिथलं लेकरू गेलं. त्या घरालाही विसरू नकोस. त्यांचं तर या तळाशी काही नातंच नव्हतं.

डोंगरात सपाट जागा दुर्मिळ. जी मिळते ती बहुतेक नदीनेच कधीतरी आणून टाकलेल्या गाळाची. तंबू ठोकायला, ट्रक लावायला तीच सोयीची वाटते. जवान ती जागा निवडत नाही. हुकूम होतो तिथे तो झोपतो. मग जागा निवडणाऱ्याला तरी, देवा, वरच्या बर्फाकडे पाहण्याची बुद्धी दे. सीमेपलीकडच्या शत्रूवर जशी रात्रंदिवस नजर असते, तशीच तिथल्या तलावांवर राहू दे. साउथ ल्होनाकवर उपकरणं बसली ती आदल्याच महिन्यात. पुरता इशारा देणारी यंत्रणा उभी राहण्याआधी पाणी आलं. पुढच्या वेळी भोंगा पाण्याच्या आधी वाजू दे, आणि तो वाजला की कुठल्या चढावर पळायचं हे प्रत्येक तंबूतल्या पोराला ठाऊक असू दे.

आपल्या साथीदारांना गाळात शोधत असतानाच हे लष्कर लाचेन-लाचुंगला अडकलेल्या पर्यटकांना औषधं देत होतं, घरी फोन लावून देत होतं. कुणाचाही पूर असो, आधी हेच धावतात. त्यांच्यासाठी आम्ही एवढंही मागू नये का?

आणि हे एकदाच घडलं असंही नाही. ५ ऑगस्ट २०२५ ला उत्तराखंडात धरालीवर खीरगंगेचा लोंढा आला, त्याच दिवशी शेजारच्या हर्षिलच्या तळावरचे जवानही वाहून गेले. विठ्ठला, प्रत्येक वेळी आम्ही शौर्याला वंदन करतो आणि तळ पुन्हा पाण्याच्या वाटेवरच राहतो. ही सवय मोड.

पुढचा पावसाळा लागण्याआधी हिमालयातल्या नदीकाठच्या प्रत्येक तळाचा नकाशा अधिकाऱ्यांच्या टेबलावर उघडू दे. जो तळ हलवायचा, तो पाऊस पडण्याआधी, उन्हाळ्यातच हलू दे. त्यासाठी लागेल तो पैसा मंजूर होऊ दे, आणि 'इतकी वर्षं काही झालं नाही' असं म्हणून ती फाइल कुणी बाजूला सारायला लागला, तर त्याचा हात तू धर.