पेठ आणि प्रतिष्ठा

धारहून अमझेऱ्याकडे निघाले की शहराची शेवटची घरे मागे पडून दुतर्फा कपाशीची काळी जमीन सुरू होते आणि थोड्याच वेळात तिरला गाव लागते. याच मुलखात, अमझेऱ्याच्या रणांगणावर, नोव्हेंबर १७२८ मध्ये चिमाजीअप्पांनी माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला आणि मराठ्यांचा पाय माळव्यात स्थिरावला. पुढे धार आणि देवास ही पवारांची ठाणी झाली, धारच्या किल्ल्यात जानेवारी १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, आणि सरदारांच्या मागोमाग आलेल्या कारकुनांची, पुराणिकांची, वैद्यांची मराठी घरे या गावांतून जी रुजली, ती आजतागायत नांदत आहेत. त्या घरांच्या ओसरीवर आज जी बोलणी होतात ती सनदांची किंवा सरंजामांची नव्हेत. पीथमपूरचे कारखाने वाढले. २००८ मध्ये पायाभरणी झालेल्या इंदूर–दाहोद रेल्वेमार्गाची वाट पाहता पाहता एक पिढी मोठी झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये बदनावर तालुक्यातील भैंसोला येथे विशाल वस्त्रोद्योग उद्यानाची कोनशिला बसली. तेव्हा आता आपल्याकडेही नामांकित कंपन्यांची मोठी शोरूम उघडतील, इंदूरसारखा मॉल होईल, लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला साठ-पासष्ट किलोमीटर जावे लागणार नाही, ही आशा धारच्या चौकात आणि तिरल्याच्या बसथांब्यावर सारख्याच उत्कंठेने बोलून दाखवली जाते.

ही आशा क्षुद्र आहे, असे म्हणून तिच्याकडे पाठ फिरवणे सोपे आहे. परंतु स्वतःचे कपाट भरलेले असताना दुसऱ्याच्या रिकाम्या कपाटाला वैराग्य शिकवण्याचा अधिकार कोणासही पोहोचत नाही. आपल्या परंपरेने अर्थ आणि काम यांना पुरुषार्थांच्या मालिकेत बसवले आहे, त्यांना दाराबाहेर उभे केलेले नाही. केवळ धर्माच्या मर्यादेत त्यांनी राहावे, एवढीच अट घातली आहे. म्हणून विचारावयाचा प्रश्न असा, की आपल्या वाढत्या गावी उंची दुकान यावे म्हणून मनुष्य आस लावून बसतो, तेव्हा वास्तविक त्याला काय हवे असते, आणि जे हवे असते ते धर्माला धरून आहे काय?

त्याला केवळ वस्तू हवी असते, असे मला वाटत नाही. वस्तू आता पार्सलने घरपोच येते. तिरल्याच्या तरुणालाही मोबाइलवर बोट ठेवून मुंबईचा बूट मागवता येतो. तरीही दुकान गावात यावे असे त्याला वाटते, कारण दुकान येणे म्हणजे कोणा दूरच्या, जाणत्या व्यापाऱ्याने आपल्या गावाची गणना करणे होय. डिसेंबर २०२२ मध्ये इंदूरला फिनिक्स सिटाडेल हा विस्तीर्ण मॉल उघडला, तेव्हा आपले शहर मुंबई–पुण्याच्या पंक्तीला बसले, असा जो आनंद तेथील लोकांना झाला, त्याचे मूळ खरेदीत कमी आणि पंक्तीत अधिक होते. अॅडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात आवश्यक वस्तूंची व्याख्या करताना असे म्हटले आहे, की लिननचा सदरा देहधारणेला आवश्यक नसला तरी त्याच्या काळी साध्या मजुरालाही तो अंगात नसताना चारचौघांत यायला लाज वाटे, आणि म्हणून तो सदरा त्याने गरजांतच धरला. लाजेवाचून चारचौघांत उभे राहता येणे ही मनुष्याची खरी गरज आहे, हे एकदा मान्य केले की शोरूमची आशा समजू लागते: ती प्रतिष्ठेची आशा आहे.

आणि प्रतिष्ठेची आशा आपल्या इतिहासाला नवीन नाही. मराठा अमदानीत नवी पेठ वसवावयाची झाली की राजसत्ता शेटे-महाजनांना कौल देई. काही वर्षे जकातीची सूट, दुकानाला व घराला जागा, चोराचिलटांपासून रक्षणाची हमी असे त्या कौलाचे स्वरूप असे, आणि त्याच्या मोबदल्यात शेटे-महाजन पेठेची आबादी वाढवीत व बाजाराची शिस्त सांभाळीत. इंदूरच्या जमीनदार घराण्याची परंपरा तर सांगते, की १७१६ मध्ये राव नंदलाल मंडलोई यांनी जकातमाफीची सनद मिळवली आणि त्या सनदेवर इंदूरचा व्यापार उभा राहिला. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरला विणकर वसवले आणि नर्मदेच्या घाटावरच्या त्या मागांतून निघालेल्या लुगड्यांनी राजधानीचे नाव देशभर नेले. म्हणजे दूरच्या व्यापाऱ्याला आपल्या गावी बोलावणे हे मोठ्या राज्यकर्त्यांनीही केले. परंतु ते करताना त्यांनी कौल दिला, याचना केली नाही. कौलात देणेही होते आणि घेणेही होते. बोलावणारा यजमान होता. आज आपण आशेने पाहतो त्यात हे यजमानपण किती उरले आहे, हा विचार मला अस्वस्थ करतो.

मोठ्या दुकानाच्या बाजूने जे न्याय्य आहे ते प्रथम सांगितले पाहिजे. १८५२ पासून पॅरिसमध्ये अॅरिस्टीड बूसिको याने ‘बाँ मार्शे’ या दुकानाचा जो विस्तार केला, त्यात मालावर निश्चित किंमत लिहिलेली असे, खरेदीची सक्ती नसताना कोणालाही आत हिंडता येई आणि नापसंत माल परत करता येई. घासाघीस करण्याचे चातुर्य ज्याला नाही, त्याच्या दृष्टीने ही लहान क्रांती होती. धार जिल्ह्यात ती किती मोलाची आहे, हे आठवडी हाट पाहिलेल्यास सांगावे लागत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत; डोंगरातून कपाशीचे गाठोडे किंवा मक्याचे पोते घेऊन उतरलेल्या भिलाला वजनात, हिशेबात आणि व्याजात पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या शब्दावर विसंबावे लागले. त्याच्यासाठी चिठ्ठीवर छापलेली, जहागीरदाराला आणि त्याला एकच असणारी किंमत ही समतेची एक पायरी आहे, आणि जो बाजार ती पायरी घडवतो त्याने धर्माचेच एक काम केले, असे मी म्हणेन.

परंतु त्याच दुकानाला काचेचे दार असते आणि दारात गणवेशातला पहारेकरी असतो. त्याने कोणास अडवले नाही, तरी आतल्या गारव्याचा, चकचकीत फरशीचा आणि विक्रेत्याच्या नजरेचा दबाव असा असतो, की पायात धुळीची वहाण असलेला माणूस उंबरठ्याशीच घुटमळतो. ज्या लाजेतून सुटण्यासाठी आपण प्रतिष्ठा मागितली, तीच लाज आपण आता आपल्याहून दुर्बळ असलेल्या शेजाऱ्याच्या माथी ठेवतो. प्रतिष्ठेचा हा व्यवहार विलक्षण आहे: ती तुलनेवर जगते, आणि म्हणून एकाची वाढली की दुसऱ्याची घटल्यावाचून राहत नाही. धारला शोरूम आले की देवासकडे पाहावे, देवासला आले की उज्जैनकडे, आणि सर्वांनी मिळून मुंबईकडे. या शिडीला वरची पायरी नाही. तृष्णा दुःखाचे मूळ आहे, असे बुद्धाने सांगितले ते या शिडीकडे पाहूनच, असे कधी कधी वाटते.

तरीही बुद्धाने गृहस्थाला शिडी जाळून टाकण्याचा उपदेश केला नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात त्याने मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी, आणि चौथा अडचणीच्या दिवसासाठी राखून ठेवावा. जैन आचार्यांनी त्याहून पुढे जाऊन श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाला परिमाण घातले. उपासकदशांगात आनंद नावाच्या अतिधनवान गृहस्थाची कथा येते. महावीरांचा उपदेश ऐकून त्याने आपली संपत्ती फेकून दिली नाही, तर सोने किती, गुरे किती, शेती किती, वस्त्रे कोणती, याची मर्यादा स्वतःच ठरवून घेतली आणि तिच्या आत तो गृहस्थ म्हणूनच राहिला. माळव्याच्या व्यापारी घराण्यांत हे व्रत आजही परिचित आहे. राजगढजवळच्या मोहनखेडा तीर्थाला जाणाऱ्या कित्येक दुकानदारांच्या तोंडी ‘परिमाण’ हा शब्द सहज येतो. व्रताचे मर्म असे, की मर्यादा बाहेरून कोणी घालत नाही. ‘मला पुरे’ हे शब्द ज्याचे त्याने उच्चारावयाचे असतात. जो मनुष्य ‘पुरे’ म्हणू शकतो, त्यालाच ‘हवे’ म्हणण्याचे स्वातंत्र्य असते. बाकीच्यांच्या ‘हवे’ मागे दुसऱ्याचा आवाज असतो.

व्यक्तीने ‘पुरे’ म्हणावे. गावाने काय म्हणावे? या प्रश्नाचे उत्तर देवासने दिलेले आहे. १९४८ मध्ये क्षयाने जर्जर झालेले गायक कुमार गंधर्व मुंबईचा झगमगाट सोडून देवासला आले, ते तेथील कोरड्या हवेसाठी. अंथरुणावर पडल्या पडल्या दारावरून जाणाऱ्या माळवी बायकांची गाणी आणि नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने त्यांच्या कानी आली, आणि आजारातून उठल्यावर त्यांच्या गळ्यातून माळवा आणि कबीर असे काही प्रकट झाले, की मुंबई–पुण्याचे रसिक देवासची वाट चालू लागले. देवासने कोणासही आमंत्रणपत्रिका धाडल्या नव्हत्या. जे आपल्याजवळ होते, हवा आणि गाणे, ते त्या गावाने दिले, आणि प्रतिष्ठा आपल्या पायांनी चालत आली. ज्या कबिराला कुमारांनी गाइले, तो स्वतः कोष्टी होता. विणलेले वस्त्र त्याने बाजारात नेऊन विकले, बाजार सोडला नाही, आणि बाजाराचा झालाही नाही.

तिरल्याजवळही देण्यासारखे आहे. याच जिल्ह्यात बाघ गावी खत्री कारागीर कोरे कापड मीठ, एरंडेल आणि शेळीच्या लेंड्या यांच्या पाण्यात भिजवतात, हिरड्याच्या पाण्यातून काढतात, लाकडी ठशांनी त्यावर तुरटी आणि लोखंडाच्या गंजाचे रंग उठवतात, बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात आणि धावड्याची फुले घालून उकळतात, तेव्हा तो प्रसिद्ध लाल आणि काळा रंग खुलतो. याच मुलखात होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाचे हाट भरतात, जेथे ढोल-मांदळाच्या तालावर अवघी वाडी-वस्ती नटून उतरते आणि बाजार हाच उत्सव होतो. तेथे दार नाही, म्हणून दारात घुटमळणेही नाही. कापूस इथला, कारागीर इथला, उत्सव इथला. आणि आपण मात्र आपल्याच कपाशीचा सदरा दूरच्या नावाची चिठ्ठी लावून केव्हा परत येतो, याची वाट पाहत बसलो आहोत.

कौटिल्याने पण्याध्यक्षाला, म्हणजे व्यापारावरच्या अधिकाऱ्याला, बजावले आहे, की नफा मोठा असला तरी तो प्रजेला पीडा देणारा असेल तर वर्ज्य करावा. माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या माळव्यावरील ग्रंथात नमूद आहे, की खरगोणच्या सावकारांच्या निपुत्रिक विधवांनी आपले धन अहिल्याबाईंच्या पायी वाहू पाहिले, तेव्हा अहिल्याबाईंनी ते सरकारात जमा केले नाही; ते लोकोपयोगी कामात घालण्याचा सल्ला त्या विधवांना दिला. धन कोठून येते याहून ते कोणाच्या अंगणात उतरते, हा या दोन्ही दाखल्यांचा प्रश्न आहे. मोठे दुकान धारला येवो, खुशाल येवो. पण नगरपालिकेने, व्यापारी मंडळाने आणि आपण ग्राहकांनी त्याला जुन्या रीतीने कौल द्यावा आणि कौलाच्या अटी स्पष्ट लिहाव्यात: बाघच्या ठशाला त्या दुकानात मानाची जागा मिळावी, तिरल्याच्या शिकलेल्या मुलामुलींना तेथे काम मिळावे, आणि मालाची किंमत सर्वांना एक असावी.

तिरल्याची कपाशी वेचणारी बाई हाटाच्या दिवशी, तीच वहाण पायात घालून, ज्या दुकानात संकोचावाचून शिरू शकेल, वस्तू हातात घेऊन पाहू शकेल आणि ‘नको’ म्हणून ताठ मानेने बाहेर पडू शकेल, ते दुकान ज्या दिवशी उघडेल, त्या दिवशी हे शहर खरोखर मोठे झाले असे समजावे. तोवर आशा जरूर धरावी, पण हात पसरून नव्हे; यजमानाने पाहुण्याची धरावी तशी.