दान, ऋण आणि मुदिता

विद्यापीठाने गरजूंना मदत करावी, समाजात शांतता नांदावी म्हणून झटावे आणि न्यायाच्या बाजूने उभे राहावे, याविषयी आज सहसा कोणी वाद घालत नाही. वाद आहे तो, किंवा असायला हवा तो, ही मदत कोणत्या नात्याने करावयाची याविषयी. दाता म्हणून दिलेला घास, ऋणको म्हणून केलेली परतफेड आणि बरोबरीचा सोबती म्हणून दिलेला हात ही तिन्ही कृत्ये बाहेरून एकसारखीच दिसतात, परंतु त्यांमागील नीतिविचार परस्परांहून इतके भिन्न आहेत की एकाच्या दृष्टीने जे पुण्य ठरते ते दुसऱ्याच्या दृष्टीने हिशेबातील चलाखी ठरू शकते. पुण्यात विद्या आणि दान यांची सांगड अठराव्या शतकापासून घातली गेलेली असल्यामुळे या तिन्ही भूमिका या एका शहराच्या इतिहासात क्रमाने पुढे आलेल्या आणि एकमेकींशी झगडलेल्या दिसतात.

धर्मशास्त्रात दान ही केवळ सद्भावनेची बाब नाही. तिची काटेकोर व्यवस्था लावलेली आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात रचलेल्या 'चतुर्वर्गचिंतामणि' या विस्तीर्ण ग्रंथाचा एक संपूर्ण खंड दानाला वाहिलेला आहे. देवल या स्मृतिकाराने दानाची सहा अंगे सांगितली: देणारा, घेणारा, श्रद्धा, धर्माला धरून मिळवलेली देय वस्तू, देश आणि काल. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस व तामस असे दानाचे तीन प्रकार केले आहेत आणि तेथेही देश, काल व पात्र, म्हणजे दान घेण्यास योग्य व्यक्ती, यांवर भर आहे. मनुस्मृतीने सर्व दानांत वेदविद्येचे दान श्रेष्ठ मानले. या सर्व चर्चेत पात्रतेची कसोटी घेणाऱ्याला लावली जाते आणि दानाचे फळ मात्र देणाऱ्याच्या पदरात पडते. घेणारा हा दात्याच्या पुण्यसंचयाचे निमित्त होऊन राहतो. असे असले तरी देवलाच्या सहा अंगांपैकी चौथे अंग, म्हणजे देय वस्तू न्यायाने मिळवलेली असावी ही अट, दुर्लक्षिण्याजोगी नाही. एखाद्या गृहस्थाने चोरीचा पैसा दान करू नये इतक्यापुरताच या अटीचा अर्थ परंपरेने बहुधा लावला. तोच प्रश्न राज्याच्या तिजोरीला विचारला तर काय होईल, हे पाहण्याचे काम पुण्यात एकोणिसाव्या शतकात झाले, आणि ते शास्त्री मंडळींनी केले नाही.

श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा तळेगावच्या सेनापती दाभाडे घराण्याने सुरू केली आणि पुढे ती पेशव्यांनी पुण्यात आणली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात होणारे हे वाटप म्हणजे एकाच वेळी परीक्षा, सन्मान आणि उपजीविका होते; दूरदूरचे वैदिक व शास्त्री त्यासाठी पुण्यास येत, आणि शहराचा विद्येचे केंद्र म्हणून जो लौकिक झाला त्यात या दक्षिणेचा वाटा मोठा होता. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर नव्या राज्यकर्त्यांनी दक्षिणा एकदम बंद न करता तिच्या रकमेचा काही भाग विद्येकडे वळवला, आणि १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. हीच पाठशाळा अनेक रूपांतरांनंतर डेक्कन कॉलेजच्या पूर्वपरंपरेत येते. म्हणजे पुण्यातील आधुनिक उच्च शिक्षणाच्या पायातील एक चिरा अक्षरशः दानाच्या पैशाचा आहे.

१८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या विचाराच्या काही तरुणांनी दक्षिणेच्या निधीचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा अशी मागणी सरकारकडे केली, तेव्हा शहरात मोठा क्षोभ उसळला. मागणी वरवर पाहता भाषेची होती. खोलात पाहिल्यास ती पात्राची व्याख्या बदलण्याची होती, कारण आता जन्माने किंवा पाठांतराने नव्हे, तर लोकांना होणाऱ्या उपयोगाने पात्रता ठरणार होती. परंतु व्याख्या बदलली तरी ती ठरवणारे हात बदलले नव्हते. जोतीराव फुले यांचा मुलींच्या व अस्पृश्यांच्या शाळांबद्दल १६ नोव्हेंबर १८५२ रोजी त्याच विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे सत्कार झाला. पण १८५५ मध्ये त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणेच्या निधीतून ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले तेव्हा ते स्वीकारले गेले नाही, आणि त्याचे कारण कमिटीतील ब्राह्मण सभासदांचा आग्रह हे होते, असे फुले यांनी 'गुलामगिरी'त नोंदवले आहे. देणाऱ्याची मर्जी हा दानाचा मूळ दोष येथे उघडा पडतो. सत्कार होऊ शकतो, परंतु पात्रता ठरवणाऱ्यांना टोचणारे नाटक मात्र अपात्र ठरते.

या वादाला निर्णायक वळण मिळाले ते १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये, जेव्हा फुले यांनी हंटर आयोगापुढे, म्हणजे भारतातील शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी आयोगापुढे, आपले निवेदन सादर केले. सरकारी महसुलाचा मोठा हिस्सा रयतेच्या श्रमातून येतो, आणि तो खर्च मात्र उच्च वर्गाच्या उच्च शिक्षणावर अधिक होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. म्हणून प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत सक्तीचे करावे अशी त्यांची मागणी होती. या निवेदनात सामाजिक प्रश्नाबरोबरच एक शुद्ध नैतिक युक्तिवाद आहे, आणि तो देवलाच्या चौथ्या अंगाचाच विस्तार म्हणता येईल, जरी फुले यांनी तो त्या परंपरेच्या आधारे मांडला नव्हता व तिचा आधार त्यांना नकोच होता. महाविद्यालयात शिकून बाहेर पडलेला पदवीधर खेड्यात जाऊन शाळा उघडतो तेव्हा तो दान करीत नसतो. ज्या पैशावर तो शिकला त्या पैशाच्या धन्याला त्याचा अंशभाग परत करीत असतो. धन्याला त्याचेच धन परत देऊन वर पुण्य जोडण्याची अपेक्षा धरणे, हे कोणत्याही स्मृतीच्या निकषावर टिकणार नाही.

ऋणाची ही कल्पना परंपरेला अपरिचित नव्हती. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी असतो असे म्हटले आहे. शतपथ ब्राह्मणाने त्यांत चौथे, मनुष्यांचे ऋण मिळवले आणि ते आश्रय व अन्न देऊन फेडावे असे सांगितले. प्रचलित धार्मिक बोलण्यात तीन ऋणे ठळकपणे राहिली आणि हे चौथे मात्र मागे पडले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ऋण आणि दान यांतील भेद मूलभूत आहे: दान न देणारा फार तर कृपण ठरतो, ऋण न फेडणारा अपराधी ठरतो.

फर्ग्युसन महाविद्यालय २ जानेवारी १८८५ रोजी सुरू झाले तेव्हा डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे व्रत घेतले. दानाची ही वेगळीच तऱ्हा होती. येथे द्रव्य नव्हे तर आयुष्याची वर्षे दिली जात होती. या त्यागाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही, आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेला भारत सेवक समाज हे त्याच वृत्तीचे फळ आहे. तरीही फुले यांचा प्रश्न येथे सुटत नाही, कारण त्याग करणारे आणि त्या त्यागाचा लाभ घेणारे बव्हंशी एकाच सामाजिक थरातले होते. त्याच महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांचे आयुष्य मात्र या मर्यादेतून हळूहळू बाहेर पडताना दिसते. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने ब्राह्मण विधवा होत्या. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढले. १९३६ मध्ये, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ उभारले, आणि १९४४ मध्ये, ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर, समता संघ काढला. करुणेपासून समतेपर्यंतचा हा प्रवास जवळजवळ अर्धशतकाचा आहे. वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्या या गृहस्थाला देणाऱ्याची आणि मागणाऱ्याची अशा दोन्ही बाजू ठाऊक होत्या, आणि कदाचित म्हणूनच ते इतक्या लांब जाऊ शकले.

करुणा आणि समता यांतील अंतर मोजण्यासाठी बौद्ध विचारातील एक जुनी मांडणी उपयोगी पडते. या विचाराला पुण्याच्या महाविद्यालयीन जीवनात स्थान मिळवून देणाऱ्यांमध्ये धर्मानंद कोसंबी हे प्रमुख होत. ते १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसनमध्ये पाली शिकवीत असत. बौद्ध परंपरेत ब्रह्मविहार म्हणून चित्ताच्या चार उदात्त अवस्था सांगितल्या आहेत: मैत्री, म्हणजे सर्वांविषयी स्नेह, करुणा, म्हणजे दुःखिताचे दुःख दूर व्हावे ही इच्छा, मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या उत्कर्षाने होणारा आनंद, आणि उपेक्षा, म्हणजे पक्षपातरहित समचित्तता. सेवाकार्यात करुणा सहज जागते, कारण तिच्यात देणारा वर आणि घेणारा खाली हे अंतर अबाधित राहते. खरी परीक्षा मुदितेची असते. शिष्यवृत्तीवर शिकलेला मुलगा त्याच विभागात प्राध्यापक म्हणून अर्ज करतो, निवड समितीवर येतो, किंवा ज्यांनी त्याला मदत केली त्यांच्याच मतांविरुद्ध लिहितो, तेव्हा दात्याच्या मनात काय उमटते यावरून पूर्वीची करुणा किती निर्मळ होती ते ठरते. अमृतलाल ठक्कर यांना १४ नोव्हेंबर १९३२ रोजी लिहिलेल्या पत्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नेमका हाच कस लावला होता. येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार होऊन दोन महिनेही झाले नव्हते. अस्पृश्यतानिवारणासाठी नवी संस्था स्थापन झाली होती, ठक्कर तिचे सरचिटणीस होते, आणि आंबेडकर गोलमेज परिषदेसाठी बोटीने निघाले होते. दलितांच्या दुःखाचे मूळ त्यांच्या वैयक्तिक आचरणात आहे असे मानून त्यांना सद्गुण शिकवण्यात संस्थेने आपली शक्ती खर्चू नये. त्यांच्या भोवतीची परिस्थिती बदलावी, विहिरी व शाळा यांवरील त्यांचे नागरी हक्क बजावून घ्यावेत, नोकरीत समान संधी मिळवून द्यावी, आणि सवर्णांनी त्यांना आपल्या घरांत सामावून घ्यावे, असे त्यांनी सुचवले. हे काम करणारी माणसे शक्यतो दलितांतूनच घ्यावीत, कारण पगारासाठी नव्हे तर प्रेमापोटी ती ते करतील, असेही त्यांचे म्हणणे होते. पत्राची पोचही मिळाली नाही, असे आंबेडकरांनी पुढे नमूद केले आहे.

शांततेचा प्रश्न येथेच येऊन मिळतो. संघर्ष टळला म्हणजे शांतता झाली, असे मानणाऱ्यांना हक्क बजावून घेण्याची भाषा अशांततेची वाटते. आंबेडकरांच्या मते मात्र अशा संघर्षाविना सवर्ण समाज विचार करण्यास प्रवृत्तच होणार नव्हता. विद्यापीठात याचा अर्थ असा होतो की वसतिगृहातील पंक्तिभेदाविरुद्धची किंवा थकलेल्या शिष्यवृत्तीसाठीची विद्यार्थ्यांची निदर्शने शांततेच्या कार्यातच मोडतात, जरी शांतता दिनाच्या कार्यक्रमपत्रिकेत ती कधी छापली जात नसली तरी.

आजच्या विद्यापीठीय सेवाकार्याकडे या दृष्टीने पाहिल्यास काही गोष्टी उजळतात आणि काही खटकतात. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. सत्यशोधक समाजाची १८७३ मधील स्थापना आणि १९३२ चा पुणे करार याच तारखेचे आहेत. हा निव्वळ योगायोग असला तरी योजनेच्या वर्धापनदिनी इतर दोन्ही घटनांची आठवण क्वचितच निघते. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर असा तिचा साचा आहे. रस्ता, शोषखड्डा, वृक्षलागवड ही कामे उपयोगाची असतात यात शंका नाही. खटकते ते 'दत्तक' हे नाते. ज्या गावाच्या करातून महाविद्यालयाला अनुदान मिळते, ते गाव मूल ठरते आणि महाविद्यालय पालक. फुले यांनी मांडलेला हिशेब येथे नेमका उलटा केला जातो.

'कमवा व शिका' योजनेचा वारसा अधिक निकोप आहे. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राबत आणि एकत्र जेवत. श्रम हा तेथे फीचा पर्याय तर होताच, शिवाय जात मोडण्याचे साधनही होता. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहांत, ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहाची कामे स्वतः वाटून करावीत ही पद्धत त्याच कुळातली आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात भाऊरावांच्या नावाने चालणाऱ्या योजनेत गरजू विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयांत, बागेत दिवसाचे काही तास काम करून मोबदला मिळवतात, आणि त्यामुळे कित्येकांचे शिक्षण तुटता तुटता वाचते. तरीही एक फरक डोळ्याआड करता येत नाही: साताऱ्यात सर्वच राबत, येथे केवळ गरीब राबतात. बागेत पाणी घालणारा विद्यार्थी कोण आणि तिच्या कडेने वर्गात जाणारा कोण, हे शुल्काच्या पावतीवरून ओळखता येऊ लागले की श्रमप्रतिष्ठा हा शब्द पोकळ होतो. काम सर्वांना आणि मोबदला गरजेनुसार, अशी फेररचना केली तर फार मोठा खर्च वाढेल असे नाही. वाढेल तो ज्यांना पैशाची गरज नाही अशांच्या पालकांचा विरोध, आणि मूळ अडचण तीच असावी.

उपाशी विद्यार्थ्याला आज रात्री जेवण हवे असते. महसुलाचा न्याय्य वाटा ठरेपर्यंत तो थांबू शकत नाही. म्हणून अन्नदान, पुस्तकपेढी, वर्गणीतून भरलेली परीक्षा फी यांना तुच्छ मानणारा न्यायविचार स्वतःच क्रूर ठरतो. शतपथ ब्राह्मणातील मनुष्यऋणही अन्न आणि आश्रय यांनीच फेडले जाते. मात्र ते अन्न कोणाला द्यावे हे ठरवणाऱ्या समितीत ते खाऊन शिकलेली माणसे किती आहेत, ही चौकशी दक्षिणा प्राइज कमिटीच्या काळात कोणी केली नव्हती. गणेशखिंडीत, गव्हर्नरच्या पावसाळी मुक्कामासाठी त्याच रयतेच्या महसुलावर चालणाऱ्या राज्यात बांधल्या गेलेल्या वास्तूत हे विद्यापीठ १९४९ मध्ये उभे राहिले आणि २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. तेथील प्रत्येक शिष्यवृत्ती समितीच्या बाबतीत ती चौकशी आता करता येण्यासारखी आहे.