चाळीस फुटांत एक फूट

वाईच्या गंगापुरीत दोन भावांचं एक घर होतं. वाटणीत त्याची दोन झाली. पंच बसले, खोल्या मोजल्या गेल्या. तांब्याचा बंब थोरल्यांकडे गेला, पाटा-वरवंटा धाकट्यांकडे. देव थोरल्यांकडे राहिले आणि आई दोघांकडे सहा-सहा महिने. परसातला औदुंबर धाकट्यांच्या हद्दीत गेला म्हणून थोरल्यांना आडाच्या कडेची दोन हात जागा जादा मिळाली. परसाच्या मधोमध भिंत घालायची ठरली तेव्हा आई दारातून म्हणाली होती, "अरे, तिथं नको, खाली झाकण आहे." एक पंच म्हणाले, "आई, तुम्ही आत बसा, ऊन लागेल." भिंत उभी राहिली. कागदावर सगळं आलं, एक सांडपाण्याची नळी तेवढी राहून गेली.

ती नळी वडिलांनी 1974 साली घातलेली. चिनीमातीचे झिलई दिलेले तांबूस पाइप, व्यास चार इंच, एकेक तुकडा दोन फुटांचा. थोरल्यांच्या स्वयंपाकघरामागच्या गली ट्रॅपपासून, म्हणजे जाळी बसवलेल्या कुंडीपासून, ती निघायची, भिंतीखालून पलीकडे जायची, तिथं तिला धाकट्यांच्या मोरीचं पाणी येऊन मिळायचं आणि पुढं औदुंबराच्या बुडाशेजारून ती बोळातल्या गटाराला लागायची. दोन फुटांना एक जोड, जोडात ताग आणि वर सिमेंट. चार इंची नळीला चाळीस फुटांत एक फूट उतार द्यायचा हा गवंड्यांचा जुना हिशेब, आणि वडिलांनी तो काटेकोर पाळला होता. वाटणीनंतर बरीच वर्षं ती बिनबोभाट वाहिली. अशा वस्तूंचं हेच होतं. नीट चालतात तोवर त्या आपल्या आहेत हेही कुणाला आठवत नाही.

मग एका पावसाळ्यात थोरल्यांच्या अंगणात पाणी साचायला लागलं. थोरल्या वहिनींनी गली ट्रॅपची जाळी काढून भाताची शितं, चहाचा चोथा उपसला. दोन दिवस बरं गेलं, पुन्हा तेच. कुणीतरी सांगितलं, उकळतं पाणी ओता. ओतलं, आणि काय आश्चर्य, सर्रकन उतरलं. तेव्हापासून दर रविवारी बंबभर कढत पाणी हा घरातला नेम झाला. तूप-तेलाचा थर उकळत्या पाण्यानं सुटतो हे खरंच आहे. पण तो नाहीसा होत नाही. वितळून पुढं सरकतो आणि जिथं पाणी निवतं तिथं पुन्हा थिजतो. थोरल्यांचं तूप अशा रीतीनं भिंतीखालून पलीकडे जाऊन बसत होतं आणि थोरले समाधानानं हात पुसत होते.

पलीकडे धाकट्यांच्या मोरीतही पाणी वर यायला लागलं. धाकटे हिशेबी. त्यांनी दोन ट्रॉल्या मुरूम आणून अंगण दीड फूट उचललं आणि मोरीही तेवढीच उचलून बांधली. त्यांचा प्रश्न मिटला. कारण तुंबलेलं पाणी वाट शोधतं ती सगळ्यांत खालच्या तोंडाची, आणि आता सगळ्यांत खालचं तोंड थोरल्यांचं उरलं होतं. एका सकाळी थोरल्या वहिनी अंगणात येऊन उभ्या राहिल्या तर फेसाळ पाण्याला चंदनाच्या साबणाचा वास. त्यांच्या घरात चंदनाचा साबण कुणीच लावत नव्हतं. "पलीकडच्यांच्या आंघोळी आपल्या अंगणात!" हे वाक्य भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललं गेलं. पलीकडूनही उत्तर आलं. "तळणं कमी करा म्हणावं."

भाऊ एकमेकांशी बोलत नव्हतेच. थोरल्यांनी वकील गाठला. वकिलानं 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचं पुस्तक उघडलं आणि सांगितलं, एका घराची दोन झाली तरी पूर्वापार वाहणारं पाणी शेजाऱ्याच्या जागेतून नेण्याचा हक्क सहसा शाबूत राहतो, नोटीस देता येईल. नोटीस गेली. तिला उत्तर आलं. दोन्ही कागद छान टंकलेले होते. नळी जिथं होती तिथं तुंबलेलीच राहिली.

शेवटी थोरल्यांच्या मुलानं, शहरातून सुट्टीला आला होता तेव्हा, प्रकरण हातात घेतलं. फरशी धुवायचं अ‍ॅसिड त्यानं ट्रॅपमध्ये ओतलं. फरक पडेना, म्हणून पाठोपाठ ब्लीचिंग पावडरचा पुडा रिकामा केला. या दोन वस्तू एकत्र आल्या की क्लोरीन वायू सुटतो, हे शाळेत शिकलेलं त्याला खोकला सुरू झाल्यावर आठवलं. पिवळट वाफ आली, डोळे चुरचुरले. आई त्या महिन्यात थोरल्यांकडे होती आणि परसातल्या बाजेवर पडली होती. तिला ठसका लागला तो थांबेना. मोकळं परस होतं म्हणून निभावलं. धाकटे त्या दिवशी भिंतीवरून उडी टाकून आले. पंचावन्न वर्षांचा माणूस सहा फुटी भिंतीवरून कसा आला, हे त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. दोघांनी बाज उचलून ओसरीवर नेली. आई सावरली, तिनं पाणी मागितलं, आणि घोटभर पिऊन म्हणाली, "आता तरी एखादा माणूस बोलवा. ओतणारा नको, बघणारा."

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला. साठीचा, सायकलवर, कॅरिअरला बांबूच्या लांब कामट्यांची मोळी आणि हँडलला स्टीलच्या स्प्रिंगचं वेटोळं. थोरल्यांनी त्याला तुंबलेल्या ट्रॅपपाशी नेलं. त्यानं ट्रॅपकडे बघितलंसुद्धा नाही.

"हितं पाणी दिसतंय, अडलंय खाली. गटाराला कुठं मिळतं?"

बोळात जाऊन तो उकिडवा बसला. गटाराच्या तोंडाशी नळी जवळजवळ कोरडी होती, थेंब थेंब गळत होती. "म्हंजे अडथळा ह्याच्या वर आन् तुमच्या ट्रॅपच्या खाली. मधी चेंबर कुठाय?"

दोघांनाही माहीत नव्हतं. मुलानं मोबाइलमध्ये घराचा नकाशा शोधला, त्यात भिंत होती, चेंबर नव्हतं. आईनं ओसरीवरून काठी उचलून दाखवलं. काठीचं टोक भिंतीच्या मधोमध.

"तुमच्या वडलांनी नळी घातली तेव्हा मी होते की. मला त्या चेंबरपाशी आरसा धरून बसवलं होतं, ते गटाराकडून बॅटरी मारत होते. आरशात पुरता गोल उजेड दिसला तर नळी सरळ, असं म्हणाले. मग लाकडी चेंडू सोडला. तो गडगडत गटाराशी निघाला तेव्हाच खड्डा बुजवू दिला."

तर भिंत फोडायची. किती, तीन फूट. धाकटे म्हणाले, भिंतीचा खर्च अर्धा मी दिलाय. थोरले म्हणाले, अर्धा मीपण. मिस्त्रीनं पहार पुढं केली. "मग अर्धी अर्धी फोडा." विनोद म्हणून म्हणाला की खरंच, ते कळलं नाही, पण दोघं फोडायला लागले. पायाखाली वीतभर मातीत कडाप्प्याचं झाकण निघालं. पहारीनं उचकटलं तर खाली दोन फुटांचं विटांचं चेंबर, काठोकाठ काळं पाणी.

थोरले म्हणाले, "एखादा पोरगा बोलावून हातानं उपसून घेऊ. दोनशे रुपये देऊ त्याला."

मिस्त्रीनं मान हलवली. "तुमच्या खरकट्यात दुसऱ्याचं पोर कशाला? बादली घ्या." हे चेंबर फक्त सांडपाण्याचं, गुडघाभर खोल, उघड्यावरचं, तिथं बादलीनं भागतं. मैलाटाकी किंवा खोल गटार असतं तर ती गोष्टच निराळी. तिथल्या विषारी वायूनं माणूस आत शिरताक्षणी कोसळू शकतो. सुरक्षेच्या साधनांवाचून तिथं कुणाला उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे, आणि अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. तरी दोनशे रुपयांत पोरगा शोधणारी घरं अजून आहेत, आणि ती काही वाईट माणसांची घरं नसतात.

थोरले उपसत होते, धाकटे बादल्या ओतून येत होते. आधी एकेक बादली जमिनीवर ठेवली जायची, मग दुसऱ्यानं ती उचलायची. दहाव्या-बाराव्या बादलीला ती हातातून हातात जाऊ लागली.

पाणी कमी झाल्यावर मिस्त्री परत बोळात गेला. धाकट्यांना वाटलं, चेंबरमधून खाली ढकलायचं, तेवढा उतार आहे. मिस्त्री म्हणाला, वरून ढकललं की घाण पुढं जाऊन आणखी घट्ट बसते. खालून जायचं आणि ओढायचं. त्यानं गटाराच्या तोंडातून कामटी घातली, तिला दुसरी बांधली, मग तिसरी. पंधरा-एक फुटांवर ती अडली. औदुंबर बरोबर तिथं. कामटी काढून स्प्रिंग घातली आणि तिची मूठ फिरवायला धाकट्यांना दिली. "फिरवा, रेटू नका. आन् तोंडासमोर उभं ऱ्हाऊ नका."

स्प्रिंग अडकली, ताणली, आणि मग सगळं एकदम आलं. आधी पाण्याचा लोट, त्यात धाकटे कमरेपर्यंत भिजले. त्यामागून हातभर लांबीची एक जटा. औदुंबराची केसासारखी बारीक मुळं, एकमेकांत विणलेली, आणि प्रत्येक फटीत पांढरट मेणचट तूप-साबणाचा गोळा. मिस्त्रीनं ती बोळातल्या दगडावर पसरून काडीनं उलगडली. आत चहाचा चोथा, कढीपत्त्याचे देठ, लांब केस, चंदनाच्या साबणाची पातळ चिपटी, एक चमचा. चमचा दोन्ही घरांनी नाकारला.

"बघा, झाड तुमचं," थोरले म्हणाले.

"आणि तूप?" धाकटे म्हणाले.

मिस्त्री विडी पेटवत होता. "मुळं ओलीच्या वासानं जोडातनं आत शिरली, ती काय तुमाला इचारून न्हाई शिरली. पर नुसती मुळं असती तर पाणी हळूहळू का हुईना गेलं असतं. नुसतं तूप असतं तर त्याला धरायला काय नव्हतं, गटाराला लागलं असतं. दोन्हीनं मिळून केलंय. आता बिल कुणाच्या नावानं लिहू तेवढं सांगा."

कुणी काही बोललं नाही. त्यानं बिलाचा कागद खिशात ठेवला आणि आरसा मागितला.

धाकट्यांच्या घरातून दाढीचा आरसा आला. या वेळी थोरले चेंबरपाशी पालथे पडून बॅटरी धरत होते आणि धाकटे बोळात आरसा तिरका करत होते. "दिसतंय का रे?" कित्येक वर्षांनी थोरल्यांनी धाकट्यांना थेट विचारलेला हा पहिला प्रश्न. "दिसतंय, पण अर्धं. चतकोर कापल्यासारखं." म्हणजे मुळांनी एक जोड खाली दाबला होता, तिथं नळी झुकली होती आणि पाणी कायम थबकत होतं. नुसतं साफ करून भागणार नव्हतं. औदुंबर तोडायचा का, असं मुलानं विचारलं तेव्हा आईसकट सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा आणायला निघून गेला. झाड तोडायचं नव्हतंच. बुडाजवळचे तीन तुकडे काढून तिथं पीव्हीसीचा एकसंध पाइप टाकायचा, जोड मुळांपासून लांब न्यायचे, खाली वाळू ठोकून बसवायची. दोन दिवस ते काम चाललं. पाणसळीनं उतार मोजला गेला, पुन्हा आरसा झाला, आणि या खेपेला आरशात पुरता गोल उजेड दिसला.

थोरल्या वहिनी आता कढईतलं तेल कागदानं पुसून मगच ती घासायला टाकतात. धाकट्या वहिनींनी मोरीला बारीक जाळी बसवली. रविवारचा बंब बंद झाला.

राहिलं भिंतीचं. चेंबर वर्षातून एकदा उघडायला हवं, म्हणून मिस्त्रीनं ते तीन फूट पुन्हा बांधायला साफ नकार दिला. तिथं लोखंडी फाटक बसवायचं ठरलं. वेल्डिंगवाल्यानं कडी कुठल्या बाजूनं ठेवू म्हणून विचारलं. थोरले म्हणाले, साफसफाई खालूनच करायची असते, कडी त्याच्या बाजूनं ठेवा. धाकटे म्हणाले, तुंबलेलं आधी दादाला कळतं, त्याच्या बाजूनं ठेवा; मी गावाला गेलो तर? आवाज चढले. आईनं ओसरीवरून विचारलं, दोन्हीकडून उघडणारी कडी मिळत नाही का? मिळते, वेल्डिंगवाला म्हणाला, पन्नास रुपये जास्त पडतील.

पन्नास कुणी द्यायचे यावर मग अर्धा तास गेला.