बहुरूपी आणि भामटा

खोटे आणि नक्कल हे दोन शब्द आपण फार लवकर एका पंगतीला बसवतो. नकली दागिना, नकली नोट, नकली औषध असे ऐकून ऐकून नक्कल म्हटली की फसवणूक आलीच, असे मनात ठसून गेले आहे. परंतु कोकणातल्या गावी किंवा मुंबईच्या चाळीत ज्यांचे बालपण गेले, त्या वाचकांना बहुरूपी आठवत असेल. पोलिसाचा पोशाख चढवून तो दारात उभा राही, तुमच्या नावाचे वॉरंट निघाले आहे म्हणून दरडावी. पोरे आईच्या पदराआड लपत आणि मोठी माणसे हसत. शेवटी सलाम ठोकून तो बिदागी मागे. सोंग जितके हुबेहूब वठे, तितकी बिदागी मोठी. त्याला कोणी लबाड म्हणत नसे. तोच पोशाख घालून एखादा भामटा आला असता तर त्याला मात्र पोलिसांच्या ताब्यात दिले असते. पोशाख एकच, मग फरक कशात?

हा प्रश्न आम्ही आज काढला तो मुठीत मावणाऱ्या एका खेळाच्या यंत्रावरून. सत्तरीकडे झुकलेल्या, निवृत्त झालेल्या नर्सला ह्या पोरखेळाशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु गेले काही महिने दर शुक्रवारी रात्री जेवणानंतर आमचा मुलगा व त्याचा तेरा वर्षांचा मुलगा ह्यांच्यात ह्यावरून वाद चालू आहे, आणि एक जण ‘आई’ व दुसरा ‘सफ्ता’ म्हणत दोघेही न्याय मागायला आमच्याकडेच येतात.

यंत्र चिनी बनावटीचे, पत्त्यांच्या दोन कॅटांएवढे. डावीकडे बाणांची फुली, उजवीकडे चार बटणे, मध्ये लहानसा पडदा. त्यावर नातू खेळतो ते खेळ मात्र त्याच्या बापाच्या लहानपणचे, झेडएक्स स्पेक्ट्रम नावाच्या घरगुती कॉम्प्युटरचे. हा कॉम्प्युटर इंग्लंडात केंब्रिजच्या सिंक्लेअर कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये काढला. धाकट्या नमुन्याची किंमत १२५ पौंड, थोरल्याची १७५. काळा, वहीएवढा, रबरी बटणांचा. त्याला स्वतःचा पडदा नव्हता; घरच्या टेलिव्हिजनला जोडायचा, आणि खेळ साध्या कॅसेटवरून चढवायचा. भारतातही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ह्या कंपनीने परवाना घेऊन त्याची सुधारलेली आवृत्ती काढली होती. तिकडे राहिलेल्या आपल्या भावंडांपैकी कोणाच्या घरी ती असेलही. आम्ही १९७८ साली ह्या देशात आलो, आणि दहा वर्षांनी, मुलगा नऊ वर्षांचा असताना, रात्रपाळीच्या भत्त्यातून त्याला एक जुना स्पेक्ट्रम घेऊन दिला. खेळ चढायला पाचेक मिनिटे लागत आणि तेवढा वेळ मांजरे भांडल्यासारखा किंचाळणारा आवाज येत राही. दिवसा झोपणाऱ्या नर्सच्या घरात हा आवाज काय असतो, ते नर्सनाच विचारावे.

ते यंत्र केव्हाच गेले. त्याच्या बटणांखालचा पातळ पापुद्रा वर्षांनी ठिसूळ होतो आणि तुटतो. कॅसेटवरचा लेप झिजतो. मग आजच्या चिनी डबीत ते खेळ कसे चालतात? येथेच आमचा बहुरूपी येतो.

स्पेक्ट्रमचा मेंदू म्हणजे झेड-८० नावाची चिप. ती १९७६ साली बाजारात आली, आणि अठ्ठेचाळीस वर्षांनी, २०२४ मध्ये, आता ती बंद करत आहोत असे झायलॉग कंपनीने जाहीर केले. नातवाच्या डबीत ती नाही. तिच्या जागी आहे एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम. जुन्या खेळातला एकेक हुकूम तो वाचतो, हा हुकूम झेड-८० ला मिळाला असता तर तिने काय केले असते ते पाहतो, आणि नेमके तेवढेच आपल्या नव्या चिपकडून करून घेतो. स्पेक्ट्रमचे चित्र सेकंदाला सुमारे पन्नास वेळा नव्याने निघे, आणि दर चित्रामागे त्याच्या घड्याळाचे ६९,८८८ ठोके पडत. एम्युलेटरही तितकेच ठोके मोजतो. नवी चिप इतकी चपळ, की तिला मोकळी सोडली तर खेळ डोळ्यांना दिसण्याआधीच संपून जाईल. म्हणून काम उरकले की हा तिला थांबवून धरतो. मुलाने हे समजावून सांगितले तेव्हा आम्हांला आमचा वॉर्ड आठवला. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या पेशंटला प्रथम चालवताना नर्सला त्याच्या पावलाने चालावे लागते, आणि हे भरभर चालण्यापेक्षा अवघड असते.

बरे, तो जुन्या यंत्राची खोडही उचलतो. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर ठिपके २५६ गुणिले १९२, परंतु रंग मात्र एकेका ठिपक्याला देता येत नसे. सारा पडदा ७६८ चौकटींत वाटलेला आणि एका चौकटीत फार तर दोन रंग. खेळातला माणूस हिरव्या झाडासमोरून गेला की तोही हिरवा होई. आजच्या यंत्राला हे सुधारणे हातचा मळ आहे. तरी एम्युलेटर लिहिणाऱ्यांनी ते सुधारले नाही. पाटलाचे सोंग घेतले आणि पाटील लंगडा असेल, तर लंगडावेही लागते.

तेव्हा ‘हे खरे नव्हे’ हे आमच्या मुलाचे पहिले म्हणणे आम्ही फेटाळले. आमच्या पेशात नकलेवाचून पाऊल पुढे पडत नाही. श्वास थांबलेल्या माणसाला श्वास कसा द्यावा, हे शिकायची ती रबरी बाई पुष्कळांनी पाहिली असेल. नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल नावाच्या खेळणी करणाऱ्या कारखानदाराने ती १९६० साली काढली. ती मेलेली नाही की जिवंत नाही, हे शिकणाऱ्याला ठाऊक असते. पण हाताला जे वळण लागते ते खरे. जेथे कोणी फसत नाही आणि काम होते, त्या नकलेला खोटे म्हणणे हा शब्दांचा अपमान आहे.

नातू खूष झाला. पण बापाच्या मनातली खरी तक्रार पुढे होती, आणि तिच्यापुढे आम्हांला बराच वेळ गप्प बसावे लागले.

स्पेक्ट्रम चालू केला की काय होई? काहीच नाही. पांढरा पडदा, तळाशी कंपनीच्या नावाची व १९८२ सालाची एक ओळ, बस्स. तो वाट पाहत राही. चाळीस रबरी बटणे होती आणि एकेका बटणावर चार-पाच शब्द कोंबून छापलेले. ‘पी’ दाबले की ‘प्रिंट’ हा अख्खा शब्द उमटे. मासिकांत प्रोग्रॅम छापून येत, पोरे ते ओळीओळीने उतरवून काढत. एक स्वल्पविराम चुकला की यंत्र पुढे जायला नकार देई आणि चूक असेल तेथे प्रश्नचिन्ह लुकलुकत ठेवी. मुलाची इंग्रजी शाळेच्या आधी ह्या बटणांवर सुरू झाली. एके दिवशी त्याने कोणाच्या मदतीवाचून दहा-बारा ओळी लिहिल्या आणि पाढे विचारणारा एक प्रोग्रॅम केला. उत्तर चुकले की टेलिव्हिजन त्याच्या धाकट्या बहिणीला गाढव म्हणे. (हे पाहून आम्ही त्याला रागे भरलो, आणि स्वयंपाकघरात जाऊन हसलो.) आज तो ज्या धंद्यात आहे, त्याचे मूळ त्या गाढवात आहे असे तो सांगतो.

आता नातवाच्या डबीकडे पाहा. चाळीस बटणांऐवजी एक फुली आणि चार बटणे. खेळायला तेवढी पुरतात. लिहायचे म्हटले तर पडद्यावर चिमुकला कळफलक उघडतो. बाणाने एकेक अक्षर शोधत बसायचे. लिहिता येत नाही असे नाही, पण कोणी लिहीत नाही. डबी चालू झाली की पांढरा पडदा येतच नाही, खेळांची यादी येते. म्हणजे त्या यंत्राने जे दिले ते सगळे नकलेत उतरले, खोडीसकट उतरले. आणि त्याने जे मागितले, तेवढेच नेमके गळाले. एम्युलेटर लिहिणाऱ्याचा ह्यात दोष नाही. त्याचे सोंग पुरे आहे. त्याला उभे करायला जे दार निवडले ते अरुंद आहे.

ह्या ठिकाणी आमचे मन दुसरीकडे गेले ते सांगायला हवे. आपल्याकडे मेंदीच्या रात्री नातवंडे मराठी गाण्यांवर टाळ्या धरतात, नाचतात, चाल चुकत नाहीत. थांबवून मराठीत एक साधा प्रश्न विचारा, उत्तर हिब्रूत येते. गाणे उतरले; बोलण्याची बटणे डबीवर बसवायला जागा नव्हती. गाणे बंद करावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. गाणेही नसते तर काय असते, ते काही घरांत आम्ही पाहिले आहे.

आता दुसरा मुद्दा, मालकीचा. डबीबरोबर एक कार्ड आले, त्यात हजारो खेळ भरलेले. ते कोणाचे? येथे बापाची बाजू भक्कम होती, पण नातवाने एक वाक्य टाकले: ‘अब्बा, तुझ्या कॅसेट कुठून आल्या होत्या?’ बाप गप्प. १९८८ साली दोन कप्प्यांच्या टेपरेकॉर्डरवर कॅसेटची कॅसेट करणे हा साऱ्या गल्लीचा उद्योग होता. हे ओळखून ‘जेट सेट विली’ ह्या १९८४ च्या खेळाबरोबर रंगीत चौकोनांचे एक कार्ड देत, त्यातले रंग सांगितल्यावाचून खेळ सुरू होत नसे, कारण रंगीत झेरॉक्स तेव्हा दुर्मिळ. पोरांनी काय करावे? रंगांची आद्याक्षरे पेन्सिलीने वहीत उतरवली.

यंत्राच्या पोटातल्या मूळ प्रोग्रॅमचा प्रश्न तरी सुटलेला आहे. सिंक्लेअरने आपला कॉम्प्युटरचा धंदा १९८६ साली ॲमस्ट्रॅड कंपनीला ५० लाख पौंडांना विकला. १९९९ मध्ये ॲमस्ट्रॅडने सांगितले की हक्क आमचेच राहतील, परंतु एम्युलेटरबरोबर हा प्रोग्रॅम वाटायला आमची हरकत नाही. त्यातली हक्काची ओळ मात्र पुसू नका. पडद्याच्या तळाशी १९८२ ची ती ओळ म्हणून आजही दिसते. खेळांचे तसे नाही. ते शेकडो जणांचे, त्यांतले कित्येक तेव्हा शाळकरी. हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ७० वर्षे. कायद्याची मुदत संपेपर्यंत वाट पाहिली तर वाचण्याजोगी कॅसेट एकही उरणार नाही, हेही तितकेच खरे.

दुसऱ्याचे चुकार गुरू दिसले तर डोळेझाक करू नये, घरी आणावे, धनी येईपर्यंत सांभाळावे, अशी तोराची आज्ञा आहे. ह्या आज्ञेत दोन्ही बाजू आल्या. सांभाळणाऱ्याने गुराला चारा घालायचा. ते आपले म्हणून बाजारात न्यायचे नाही. स्पेक्ट्रमचे खेळ जपणाऱ्या हौशी मंडळींनी नेमके हेच केले. त्यांनी जुने लेखक शोधून काढून परवानगी विचारली. पुष्कळांनी आनंदाने दिली. काही नामांकित कंपन्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांचे खेळ यादीत ठेवून वाटपातून काढले. एम्युलेटर लिहिणारा बहुरूपी, हे जपणारे लोक राखणदार. आणि कोणाला न विचारता हजारो खेळ कार्डात भरून डबीबरोबर विकणारा? पोलिसाचा पोशाख त्याच्याही अंगावर आहे, पण तो शेवटी सलाम ठोकत नाही. त्याच्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे.

नातवाला आम्ही चोर ठरवले नाही. वाढदिवसाला मिळालेल्या वस्तूचा धनी विचारण्याची पोराला सवय नसते. पण आता त्याला ठाऊक झाले आहे, आणि ठाऊक झाल्यावर हिशेब बदलतो. दोघांनी बसून कार्ड तपासायला घेतले आहे. ज्यांच्या धन्याने नकार दिला ते खेळ पुसायचे, जे आजही विकत मिळतात ते विकत घ्यायचे, ज्यांना परवानगी आहे ते ठेवायचे. बापाने वायरने जोडायचा एक कळफलकही आणला आहे, आणि त्यापायी खेळांची यादी उघडण्याआधी पांढरा पडदा येईल अशी काहीतरी व्यवस्था केली आहे. त्यावर नातू काय लिहितो ते आम्हांला दाखवत नाही.

भांडण राहिले आहे ते एकाच ढिगाऱ्याविषयी. काही खेळांत लेखकाचे नावच नाही, कंपनी कधीच बुडाली, विचारायचे कोणाला हे कळायला मार्ग नाही. बाप म्हणतो पुसू नये. नातू, ज्याने हे सारे सुरू केले तो, आता म्हणतो की नाव नाही म्हणून धनी नाही असे कसे धरायचे. येत्या शुक्रवारी पुन्हा बसायचे ठरले आहे.