सुट्ट्या नाण्यांचा न्याय

माणूस नोट मोजून देतो आणि नाणे न पाहता टाकतो. मिस्सेतील अर्पणाच्या थैलीत, देवळाच्या पेटीत किंवा दर्ग्याच्या चादरीवर नाणे पडले की आपला त्याच्याशी संबंध संपला, अशी आपली समजूत असते. परंतु ते पुढे कोणाच्या तरी हातात जाणार असते, आणि तो हात पुष्कळदा आपल्यापेक्षा गरिबाचा असतो. म्हणून पेटीत किंवा बँकेत टाकलेले नाणे पुढे कोठे जाते, हा प्रश्न केवळ हिशेबाचा नसून नीतीचाही आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम त्या नाण्याची वाट पाहू. आपल्या देशात नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील चार टांकसाळींत ती तयार होतात आणि रिझर्व्ह बँकेमार्फत वाटली जातात. आपण भरलेली थैली मोठ्या शाखेत मोजणी यंत्रात रिकामी केली जाते. फिरत्या तबकडीवरून नाणी एका मागोमाग एक कडेला सरकतात, आणि आकारमान पाहून यंत्र त्यांची मोजदाद करते. पण यंत्राचीही पंचाईत होते. १९९२ पासूनच्या मालिकेतील जुना एक रुपया आणि २०११ च्या मालिकेतील दोन रुपये या दोन्हींचा व्यास २५ मिलिमीटरच आहे. शेवटी रोखपालाचा डोळा आणि बोटे यांना सुट्टी मिळत नाही. लहान शाखेत तर सारे काम हातानेच चालते. मोजलेली नाणी शंभर-शंभराच्या पिशव्यांत बांधली जातात. शाखेला लागतील तेवढी गल्ल्यात राहतात. उरलेली करन्सी चेस्ट सांभाळणाऱ्या शाखेकडील लहान नाण्यांच्या भांडारात जातात आणि तेथून मागणी असेल त्या शाखेकडे निघतात. चलनातून काढलेली नाणी टांकसाळीकडे परततात. ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालील नाणी चलनातून बाद झाली, तेव्हा आपली पावली याच वाटेने गेली.

वाट अशी गोल आहे. पण ती जागोजागी तुंबते. जानेवारी २०१८ मध्ये भांडारे भरल्यामुळे टांकसाळींना नाणी पाडणे काही काळ थांबवावे लागले. एप्रिल २०२३ मध्ये शिर्डीच्या साईबाबा संस्थानापुढे अडचण उभी राहिली. भक्तांनी वाहिलेली नाणी ठेवण्यास जागा नाही, म्हणून काही बँका ती स्वीकारेनात. भक्तीने दिलेले धन पोत्यांत पडून राहिले, आणि त्याच दिवसांत महाराष्ट्रातील कितीतरी दुकानदार गिऱ्हाइकाला ‘सुट्टे नाहीत’ असे सांगत असतील! अमेरिकेतही २०२० च्या साथीत दुकानांना नाणी मिळेनाशी झाली. तेथे नाणी कमी झाली नव्हती. ती घरोघरच्या बरण्यांत अडकली होती. त्यांचे फिरणे मात्र थांबले होते.

आमच्या बारामती-इंदापूर भागातील शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन सुटते तेव्हा एकाच्या रानात पाणी साचून राहते आणि चारीच्या शेवटी असलेल्याचे पीक सुकते. ज्याच्या रानात पाणी साचते त्याचाही लाभ होत नाही. त्याची जमीन चोपण होते. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही शिकवण खरी आहे. परंतु तळ्याला पाट हवा, हेही तितकेच खरे आहे.

मग नाणे कोणाचे? ॲरिस्टॉटलने सांगितले की पैसा निसर्गाने घडलेला नाही, माणसांच्या संकेताने घडला आहे. म्हणूनच त्याचे ग्रीक नाव ‘नियम’ या अर्थाच्या शब्दावरून आले. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते पैशाचा योग्य उपयोग तो हातावेगळा होण्यातच असतो. चौदाव्या शतकात फ्रान्समधील निकोल ओरेम, जे पुढे लिझ्यू येथे बिशप झाले, त्यांनी राजांना बजावले की नाण्यावर राजाची मुद्रा असली तरी पैसा राजाचा नाही, तो ते वापरणाऱ्या समाजाचा आहे. या तिघांचे म्हणणे एकत्र घेतले तर एक गोष्ट निष्पन्न होते. नाण्याचे मोल आपण सर्वांनी मिळून दिलेल्या शब्दावर टिकून आहे. जो ते घेण्यास नाकारतो तो त्या शब्दाला बट्टा लावतो.

हा बट्टा कोणाला सोसावा लागतो? मध्यंतरी दहा रुपयांचे नाणे खोटे असल्याची अफवा पसरली. १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की या नाण्याचे चौदाही नमुने ग्राह्य आहेत. तरीही कित्येक ठिकाणी नकार चालूच राहिला. फोनवरून पैसे देणाऱ्याला त्याची झळ लागत नाही. झळ लागते ती मंडईत कोथिंबिरीच्या जुड्या विकणाऱ्या बाईला, उसाच्या फडावरून तेल-मीठ घ्यायला आलेल्या मजुराला. त्यांची दिवसभराची कमाईच नाण्यांत असते. ते नाणे परत सारणे म्हणजे त्यांचे श्रमच परत सारणे होय. तसेच दोन रुपयांऐवजी गोळी हातावर ठेवणे ही क्षुल्लक बाब मानली जाते. परंतु सुट्टे परत देणे हा औदार्याचा विषय नाही. ते समोरच्याचे देणे आहे, आणि देणे लहान असल्याने न्याय लहान होत नाही.

येथे व्यापारी आणि बँक कर्मचारी यांची बाजूही ऐकली पाहिजे. २०११ च्या मालिकेतील एक रुपयाच्या नाण्याचे वजन ३.७९ ग्रॅम, म्हणजे हजार रुपयांची अशी नाणी जवळजवळ पावणेचार किलो भरतात. ती वाहायची, मोजायची, ठेवायची कोणी? कायद्यानेही याचा विचार केला आहे. २०११ च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया व त्यावरील नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंतच देता येतात. बँकेत भरताना मात्र अशी मर्यादा नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने नाणी वाटणाऱ्या बँकांचा मोबदला थैलीमागे २५ रुपयांवरून ६५ रुपये केला, तोही हे ओझे ओळखूनच. ओझे खरे आहे. म्हणून ते सर्वांनी वाटून घेतले पाहिजे.

आता प्रश्न आपल्या दानाचा. बाजारात कोणी घेत नाही म्हणून दहाचे नाणे अर्पणाच्या थैलीत टाकले जाते, हे आपण सारे जाणतो. शुभवर्तमानातील विधवेने दोन अगदी लहान नाणी टाकली, आणि प्रभूने तिचे दान सर्वांत मोठे मानले. परंतु ती नाणी तिला नकोशी नव्हती; त्यांवर तिची भाकर अवलंबून होती. बालकाने खाऊतून वाचवलेला रुपया, निवृत्त वृद्धेने पदरातून सोडलेले पाच रुपये ही तिच्याच जातीची दाने आहेत. नकोसे झालेले नाणे देवापुढे ठेवून हात झटकणे वेगळे. दोन्ही नाणी यंत्रात सारखीच मोजली जातात. फरक देणाऱ्याच्या अंतःकरणात असतो.

धर्मग्रामालाही हा विचार लागू आहे. थैलीतील नाणी पोत्यात साठवून वर्षाअखेर बँकेच्या दारात ओतणे योग्य नाही. दर आठवड्याला ती निवडून, शंभरच्या पिशव्या करून, जवळच्या किराणा दुकानदाराला किंवा भाजीवाल्याला नोटांच्या बदल्यात द्यावीत. त्याची मोडीची गरज भागते आणि बँकेचे ओझे हलके होते. घरातील मातीचा गल्लाही दरवर्षी एकदा फोडावा, आणि मुलांना त्यातली नाणी बाजारात खर्च करायला शिकवावे. दुकानात बसणाऱ्या आमच्या बांधवांनी दहाचे नाणे विनातक्रार घ्यावे आणि उरलेला रुपया रुपयानेच परत करावा. अर्पणाच्या थैलीत हात घालण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला एवढेच विचारावे: हे नाणे मला हवे असते तरी मी दिले असते का?