बेटांचा वारसा आणि सांगण्याचा अधिकार

ऐतिहासिक वारशाच्या जतनाचे जे कायदे आणि ज्या पद्धती आज जगभर रूढ आहेत, त्यांच्या मुळाशी एक समजूत आहे. वास्तू तिच्या माणसांपासून वेगळी काढून पाहता येते, तिचे मोजमाप घेऊन नकाशा काढता येतो आणि तिच्याविषयीची माहिती जितकी अधिक गोळा होऊन सर्वांसाठी खुली होईल तितके तिचे रक्षण चांगले होते, अशी ही समजूत आहे. पश्चिम पॅसिफिकमधील मायक्रोनेशिया संघराज्यात ती पदोपदी अडखळते. तेथे एखाद्या स्थळाची कथा ही कोणत्या तरी कुळाची मालमत्ता असते, ती सांगण्याचा अधिकार ठरलेल्या माणसांकडे असतो, आणि ती अनधिकाराने सांगितली गेली तर स्थळाची हानी होते, असे लोक मनापासून मानतात. या राष्ट्राच्या वारसा जतन कार्यालयात काम करणाऱ्या सांस्कृतिक मानवशास्त्रज्ञाला, म्हणजे समाजाच्या चालीरीती, नाती, समजुती आणि संस्था यांचा लोकांमध्ये राहून अभ्यास करणाऱ्या संशोधकाला, या दोन भूमिकांच्या मधोमध उभे राहावे लागते, आणि त्याच्या कामाचे खरे मोल तो माहिती किती जमवतो यापेक्षा हा अधिकार सरकारी कागदपत्रांत कसा टिकवून धरतो यावर ठरते.

कॅरोलाइन द्वीपसमूहातील ६०७ बेटांचे हे संघराज्य याप, चुउक, पोनपेई आणि कोस्राय अशा चार राज्यांचे आहे. सगळी जमीन मिळून सुमारे ७०० चौरस किलोमीटर भरते, तर तिच्याभोवतीचा राष्ट्राच्या हक्काचा समुद्र तीस लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. लोकसंख्या एक लाखाच्या घरात. स्पेनकडून १८९९ मध्ये ही बेटे जर्मनीकडे गेली, १९१४ मध्ये जपानने ती घेतली, दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ पासून संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त व्यवस्थेखाली अमेरिकेने त्यांचा कारभार पाहिला, १९७९ मध्ये राज्यघटना अमलात आली आणि १९८६ मध्ये अमेरिकेशी झालेल्या मुक्त सहयोग करारानंतर हे राष्ट्र स्वतंत्र झाले. या प्रत्येक सत्तेने आपल्यासोबत अभ्यासक आणले. १९०८ ते १९१० या काळातील जर्मन दक्षिण सागर मोहिमेने बेटाबेटांचे वर्णन करणारे जाडजूड खंड मागे ठेवले, तर १९४७ ते १९४९ दरम्यान अमेरिकी नौदलाच्या पैशाने चाळीसहून अधिक संशोधक या बेटांवर पाठवले गेले आणि पुढे प्रशासनाने जिल्ह्याजिल्ह्यांत मानवशास्त्रज्ञ नेमले. वही घेऊन प्रश्न विचारणारा परका माणूस बेटवासीयांना शंभर वर्षांपासून परिचित आहे, आणि त्याने लिहिलेले पुढे राज्यकर्त्यांच्या उपयोगी पडते हेही त्यांना तितक्याच काळापासून ठाऊक आहे. वारसा जतनाचे काम करणाऱ्याला हा पूर्वेतिहास वारशातच मिळतो.

आजची व्यवस्थाही बाहेरच्याच कायद्यातून आलेली आहे. अमेरिकेच्या १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्यान्वये तेथील राष्ट्रीय उद्यान सेवा या बेटराष्ट्रांनाही जतनासाठी अनुदान देते. प्रत्येक राज्यात एक आणि पालिकिर या राजधानीत एक अशी वारसा जतन कार्यालये त्यावर चालतात. या कायद्याचे कलम १०६ असे सांगते की अमेरिकी संघराज्याच्या पैशाने रस्ता, धक्का, विमानतळ असे काही उभारायचे असेल, तर त्याचा ऐतिहासिक स्थळांवर काय परिणाम होईल हे आधी तपासले पाहिजे आणि संबंधितांशी विचारविनिमय झाला पाहिजे. साधारणतः ५० वर्षांहून जुनी वास्तू नोंदीस पात्र ठरते. भारताच्या १९५८ च्या कायद्यात हीच अट १०० वर्षांची आहे. वयाची अट दगडाला लावता येते. ज्या डोंगरावर कोणतेही बांधकाम शिल्लक नाही, पण ज्याच्यापासून एक समाज आपला आरंभ मोजतो, त्याचे वय कोणत्या वर्षापासून धरायचे याचे उत्तर अशा कायद्याकडे नव्हते.

हा पेच चुउकमधील तोनाचाव डोंगराने पुढे आणला. चुउकच्या परंपरेत हा डोंगर समाजाच्या आरंभपुरुषाशी, सोवुकाचावशी जोडलेला आहे, आणि त्याच्या पायथ्याशी, वेनो बेटावर, १९७० च्या दशकाच्या अखेरीस विमानतळाच्या विस्ताराचे काम सुरू झाले. पायथ्याच्या गावांनी त्यावर हरकत घेतली. त्यांच्या दृष्टीने डोंगर, उतारावरची शेते, किनाऱ्याचे उथळ पाणी आणि मासेमारीच्या जागा ही एकच गोष्ट होती, आणि धावपट्टीसाठी उपसा करणे म्हणजे तिच्या शरीरावर घाव घालणे होते. त्या वेळी या बेटांवर काम करणारे पुरातत्त्वज्ञ थॉमस किंग आणि मानवशास्त्रज्ञ पॅट्रिशिया पार्कर यांनी गावकऱ्यांचे हे म्हणणे गांभीर्याने ऐकले आणि नोंदवले. पुढे १९९० मध्ये याच दोघांनी अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीसाठी जी मार्गदर्शक पुस्तिका लिहिली, तिने ‘परंपराप्राप्त सांस्कृतिक स्थळ’ ही संकल्पना रूढ केली. म्हणजे एखाद्या जिवंत समाजाच्या श्रद्धा, व्यवहार आणि ओळख ज्या जागेत रुजलेली आहे ती जागा, तेथे एकही भिंत नसली तरी, संरक्षणास पात्र आहे. त्या पुस्तिकेत तोनाचावचे उदाहरण दिलेले आहे. अमेरिकेतील आदिवासी समाजांना आपले पर्वत आणि झरे वाचवण्यासाठी या संकल्पनेचा पुढे मोठा आधार मिळाला. वारसा जतनाच्या इतिहासात ही घटना जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही. कायदा महासत्तेने बेटांना दिला हे खरे, पण त्यातली मोठी उणीव भरून काढण्याचा धडा तिने एका लहान बेटाच्या गावकऱ्यांकडून घेतला.

दगडी वास्तूंच्या बाबतीतही प्रश्न सोपा नाही, हे पोनपेईच्या आग्नेय किनाऱ्यावरील नान मदोलकडे पाहिले की कळते. तेम्वेन बेटालगतच्या उथळ समुद्रात प्रवाळाचा भराव टाकून रचलेली शंभराच्या आसपास कृत्रिम बेटे, त्यांच्यामधून वाहणारे भरती-ओहोटीचे कालवे आणि कडेने ओंडक्यांसारखे आडवे-उभे रचत नेलेले बसाल्टचे स्तंभ, असे हे नगर आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर लाव्हा थंड होताना तडकून बनलेले जे उभे बहुकोनी स्तंभ दिसतात, त्याच जातीचा हा दगड. नान दौवास या राजसमाधीच्या भिंती सात मीटरांहून उंच आहेत. साधारण इ.स. १२०० ते १५०० या काळातले हे बांधकाम साउदेलूर राजवंशाच्या सत्तेचे आणि धर्माचे केंद्र होते. ओलिसिपा आणि ओलोसोपा या दोन भावांनी मंत्रसामर्थ्याने दगड हवेतून आणले, आणि पुढे इसोकेलेकेल हा वीर ३३३ योद्ध्यांसह समुद्रापलीकडून आला व त्याने जुलमी साउदेलूरांची सत्ता संपवली, असे परंपरा सांगते. आजच्या नान्म्वार्कींची, म्हणजे पोनपेईतील परगण्यांच्या सर्वोच्च प्रमुखांची, परंपरा त्याच्यापासून सुरू होते.

या कथांकडे केवळ कल्पनेचा खेळ म्हणून पाहणाऱ्याने नान मदोलमधल्याच इदेद या छोट्या बेटाचा विचार करावा. तेथील कुंडात एक पवित्र ईल मासा असे, त्याला कासवाचा नैवेद्य दाखवला जाई आणि त्यासाठी कासव तेथेच भट्टीत भाजले जाई, असे पोनपेईतील जाणकार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. इदेदवर जळक्या दगडांचा आणि राखेचा ढिगारा खरोखरच आहे. १९६३ मध्ये स्मिथसोनियन संस्थेच्या पथकाने तेथे उत्खनन केले, आणि कोळशाच्या किरणोत्सारी कार्बन पद्धतीने काढलेल्या वयातून तो तेराव्या शतकाच्या सुमाराचा असल्याचे दिसले. स्मृतीने काय जपले होते ते राखेने दाखवून दिले. मात्र राखेला जे सांगता येत नाही, म्हणजे नैवेद्य का दाखवला जाई, कोणाच्या हातून आणि कोणत्या अपराधाची क्षमा मागण्यासाठी, ते सांगणे अजूनही माणसांच्याच हाती आहे.

२०१६ मध्ये नान मदोल युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले आणि त्याच दिवशी धोक्यातील वारशाच्या यादीतही गेले. कालवे गाळाने भरत आहेत, गाळावर खारफुटी वाढते आणि तिची मुळे भिंतींत शिरून दगड विस्कटतात. अभियंत्याच्या नजरेने हे गाळ उपसण्याचे आणि झाडे तोडण्याचे काम आहे. पण नुसते तेथे जाण्यासाठी, आणि एखादे झाड तोडण्यासाठी तर निश्चितच, ज्यांची संमती हवी त्यांत नान मदोल ज्या परगण्यात येते त्या मादोलेनिमचे नान्म्वार्की येतात, वाटेवरच्या जमिनींचे धारक येतात आणि राज्य सरकारही येते. भरतीरेषेखालची जागा शासनाची हे परकीय सत्तांनी रुजवलेले तत्त्व आणि नान्म्वार्कींचा परंपरागत हक्क यांच्यातला वाद अनेक दशके चालत आला आहे. तेथे मानवशास्त्रज्ञाचे काम मध्यस्थासारखे होते. पोनपेईत असा विषय पत्राने निघत नाही. आधी मेजवानीच्या घरात बसावे लागते, जेथे सपाट दगडावर दगडांनी साकाऊ या पेयासाठी मुळे कुटण्याचा ताल दुरून ऐकू येतो, जास्वंदीच्या कुळातील झाडाच्या ओल्या सालीत तो चोथा पिळून करवंटीत रस धरतात आणि पहिली करवंटी सर्वोच्च मानकऱ्याला देतात. पुढच्या करवंट्या कोणत्या क्रमाने फिरतात, यावरून त्या बैठकीत कोणाचा शब्द कितपत चालणार हे जाणत्याला कळते. अनुदानाच्या अहवालात ‘संबंधितांशी विचारविनिमय’ अशी जी एका ओळीची चौकट असते, ती भरण्यापूर्वी हे सारे घडावे लागते; त्यासाठी लागणारा वेळ अनुदानाच्या वेळापत्रकात नसतो, ही या व्यवस्थेतील गंभीर त्रुटी आहे.

त्याहून कठीण प्रश्न ज्ञानाचा. पोनपेईच्या समाजात संयमाने झाकून ठेवणे हा सद्‌गुण आहे. ‘कानेंगामा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वृत्तीविषयी मानवशास्त्रज्ञ ग्लेन पीटरसन यांनी १९९३ मध्ये लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. जाणता माणूस आपल्याला ठाऊक असलेले सगळे कधीच सांगत नाही. थोडे राखून ठेवतो, मुद्दाम अर्धवट ठेवतो, आणि दुसऱ्याच्या कथनात चूक दिसली तरी चारचौघांत ती दुरुस्त करत नाही. एकाच स्थळाच्या पाच कुळांकडे पाच कथा असतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. जतनाची नोंदवही मात्र प्रत्येक स्थळासमोर एकच अधिकृत कथा मागते. संशोधकाने सोयीसाठी त्यातली एक निवडली तर त्याने नकळत जमिनीच्या आणि मानाच्या वादात निकाल दिलेला असतो, कारण छापलेली कथा उद्या न्यायालयात पुरावा म्हणून येऊ शकते. म्हणून पाचही कथा, कोणी आणि कोणत्या अधिकाराने सांगितल्या याच्या उल्लेखासह, शेजारी शेजारी ठेवणे हीच प्रामाणिक नोंद. जे सांगणाऱ्याने कुटुंबापुरतेच ठेवायला सांगितले ते कुटुंबाच्याच ताब्यात राहिले पाहिजे, आणि ज्याची नोंद नको असे सांगितले गेले त्याची नोंद होता कामा नये. उद्या सांगणारा राहिला नाही तर ज्ञान नष्ट होईल, हा आक्षेप खरा आहे आणि त्यातली हळहळही खरी आहे. तरीही ते नष्ट होऊ द्यायचे की कोणाला द्यायचे, हा निर्णय धारकाचाच.

आणि धारक तो निर्णय घेतातही. पोनपेईचे लुएलेन बर्नार्ट यांनी आयुष्याच्या उत्तरकाळात आपल्या भाषेत बेटाचा इतिहास लिहिला आणि तो त्यांच्या पश्चात १९७७ मध्ये ग्रंथरूपाने आला. याप राज्यातील सातावाल या चिमुकल्या बेटाचे माऊ पियाइलुग यांनी तारे, लाटा आणि पक्षी यांच्या आधाराने नाव हाकण्याची विद्या, जी दीक्षेशिवाय कोणाला दिली जात नसे, हवाईच्या लोकांना शिकवायचे ठरवले. १९७६ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली ‘होकुलेआ’ हे दुहेरी गलबत उपकरणांशिवाय हवाईहून ताहितीला पोचले. बाहेरच्यांना विद्या दिल्याबद्दल त्यांच्यावर स्वकीयांकडून टीका झाली. आपल्या बेटांवरचे तरुण ती शिकेनासे झाले आहेत आणि ती आपल्यासोबत संपेल, ही त्यांची चिंता होती. २०२१ मध्ये कॅरोलाइन बेटांच्या नौकानयन आणि नौकाबांधणीच्या विद्येला युनेस्कोने तातडीच्या संरक्षणाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा या चिंतेचे गांभीर्य जगाने मान्य केले.

युद्धाच्या वारशातही काही गोष्टी नोंदीबाहेर राहतात. चुउकच्या खाजणात फेब्रुवारी १९४४ च्या अमेरिकी हवाई हल्ल्यात बुडालेली चाळीसहून अधिक जपानी जहाजे पाणबुड्या पर्यटकांमुळे जगप्रसिद्ध आहेत. त्यांच्या टाक्यांतून तेल गळते, त्यांत सैनिकांचे अवशेष आहेत, आणि ज्या प्रवाळखडकांवर ती पडली आहेत त्यांवर चुउकच्या कुळांचा हक्क आहे. त्या युद्धात वेठीस धरून धावपट्ट्या खणायला लावलेल्या आणि नाकेबंदीच्या महिन्यांत उपाशी राहिलेल्या बेटवासीयांची आठवण मात्र जहाजांच्या यादीत कोठेच बसत नाही. ती गोळा करणे हेही वारसा कार्यालयाचेच काम आहे, आणि ते भोगलेले लोक आता फार थोडे उरले आहेत.

हे सारे काम आजवर बव्हंशी बाहेरून आलेल्या, ठरावीक मुदतीच्या करारावर नेमलेल्या तज्ज्ञांच्या आधाराने चालत आले. त्यांपैकी अनेकांनी ते जीव ओतून केले. पण भाषा अंगवळणी पडेपर्यंत आणि बैठकीतला करवंटीचा क्रम उमगेपर्यंत मुदत संपते, तज्ज्ञ परततो, आणि नवा माणूस पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. गावातल्या वृद्धाला तीच कथा तिसऱ्यांदा सांगावी लागते. पोनपेईचेच पुरातत्त्वज्ञ रुफिनो मॉरिसियो यांनी परदेशी विद्यापीठात मौखिक परंपरा आणि पुरातत्त्व यांची सांगड घालणारा प्रबंध लिहिला व परत येऊन राष्ट्रीय पातळीवर वारसा जतनाची धुरा सांभाळली. बेटावरच्याच माणसाने हे काम पेलणे साध्य होण्याजोगे आहे, याचा तो पुरावा आहे. अमेरिकेशी असलेल्या कराराचे आर्थिक कलम २०२४ मध्ये पुढील वीस वर्षांसाठी नव्याने मंजूर झाले आहे. या वीस वर्षांत चारही राज्यांतील मानवशास्त्रज्ञाच्या पदावर बेटावरचाच, तेथील भाषेत वाढलेला आणि तेथील मानकऱ्यांना उत्तरदायी असलेला माणूस बसावा, यासाठी लागणारे शिक्षण आणि पगार यांची तरतूद गाळ उपशाच्या आणि नव्या सर्वेक्षणांच्याही आधी झाली पाहिजे.